पायाळूची कंबर

माझ्या जन्माची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की मी तेव्हा तिथे पाहुणा म्हणून हजर होतो असं मला वाटतं. बाकीची मुलं डोक्याकडून जगात येतात, मी पायांकडून आलो. कोपरीतल्या त्या छोट्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना आधी माझे तळवे दिसले आणि पुढे बराच वेळ दुसरं काहीच दिसलं नाही. अशा मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. आमच्या चाळीत अख्ख्या मजल्याला मिळून एकच पायाळू होता, आणि तो आमच्या खोलीत होता, याचा आईला केवढा अभिमान!

पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. त्यामुळे ढग गडगडले की आई मला लोखंडी कॉटखाली घालून ठेवायची. लोखंड विजेला बोलावतं, असं शाळेत शिकून मी घरी सांगितलं, तर ती म्हणाली, "मग मोरीत जाऊन बस मेल्या." पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असंही म्हणतात. मला अजून टीव्हीचा रिमोट दिसत नाही. पण या सगळ्यांपेक्षा मोठी, रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे पायाळूची लाथ. कुणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना-उठताना एकदम चमक निघून माणूस जागच्या जागी आखडला, की त्याला पायाळूकडे न्यायचं. पायाळूने कमरेला पाय लावला की उसण गेली.

चालता यायला लागल्यापासून मी हे काम करतोय. त्याची पद्धत आईनं बसवली होती. चटई घालायची, रुग्णाला दाराकडे तोंड करून पालथं झोपवायचं, मी उजवा पाय तीनदा कमरेला लावायचा आणि रुग्णानं मागे न बघता उठायचं. पैसे घ्यायचे नाहीत, नाहीतर गुण जातो. केळं दिलं तर घ्यायचं. शेवटचा नियम सगळ्यांत कडक होता. रुग्ण वयानं मोठा असेल, आणि तो असायचाच, तर त्याला लगेच वाकून नमस्कार करायचा. वडीलधाऱ्यांना पाय लागला की पाप लागतं, ते तिथल्या तिथे फेडायचं. म्हणजे आधी लाथ, मग नमस्कार. पुढे नोकरीत मला उलटा क्रम बघायला मिळाला.

आई बाजूला उभी राहून सूचना द्यायची. "हळू रे, मणका आहे तो, फुटबॉल नाही." ती स्वतः कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळून बांधायची आणि एक हात त्या पट्टीवर ठेवून उभी राहायची. कुणाच्या आईला चष्मा असतो, तशी माझ्या आईला ती पट्टी होती. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

गुण यायचा का? यायचा की. उसण दोन-चार दिवसांत आपोआप जाते. मी लाथ मारली नसती तरी गेलीच असती. मोठेपणी हे मला चांगलं कळत होतं, कारण माझा धंदाच शंका घेण्याचा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी तयार झालेल्या सुट्या भागांची मापं तपासतो. केसभर फरक असला तरी माल परत पाठवतो. असा माणूस रविवारी सकाळी डोंबिवलीत लोकांना उताणं-पालथं करून लाथा मारतो, हे मला विसंगत वाटायला हवं होतं. पण श्रेय आपणहून आपल्या नावावर जमा होत असेल तर ते नाकारण्याइतका मी थोर नाही.

एकदा कारखान्याच्या मालकांचीच कंबर धरली. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि मला केबिनमध्ये बोलावणं आलं. दार लावून साहेब गालिच्यावर पालथे झाले. मी बूट काढला, तीनदा पाय लावला, नमस्कार केला आणि बाहेर आलो. बाहेर सगळं खातं उभं होतं. "अरे, आम्ही इतकी वर्षं नुसतं मनात म्हणतो," एक जण म्हणाला, "आणि तू मारून आलास, वर इन्क्रिमेंट पण मिळेल!" त्या दिवशी मला जो मान मिळाला तो पंचवीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. माझ्या डोक्यात हवा गेली ती तेव्हापासून.

हवा गेली की माणूस कलाकार होतो. मी लहानपणासारखा भिंतीला हात धरून पाय लावीनासा झालो. एका पायावर तोल सांभाळून, दुसरा पाय गुडघ्यातून वर उचलून, जरा हवेत थांबवून मग खाली आणायचा, अशी शैली मी तयार केली. बघणाऱ्यांना बरं वाटायचं. वय पन्नाशी ओलांडून गेलेलं, पोट शर्टाच्या बटणांशी भांडतंय, दिवसभर खुर्चीत बसून काम. पण शैली म्हणजे शैली.

एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कमरेत उसण भरली. काका बँकेतून निवृत्त झालेले, देहानं भरभक्कम. त्यांच्या हॉलमध्ये सोफा सरकवून चटई घातली होती. काकू, त्यांची सून, सुनेची मैत्रीण, असा प्रेक्षकवर्गही होता. पहिली लाथ चांगली बसली. दुसरी त्याहून चांगली. तिसरीला मी पाय जरा जास्तच वर नेला, कमरेतून एक झोकदार वळण दिलं, आणि माझ्या पाठीत खालच्या बाजूला 'कट्' असा आवाज झाला.

"गेली!" काका उठत ओरडले. "काय हो जादू आहे तुमच्या पायात!"

त्यांची गेली होती. मी एका पायावर बगळ्यासारखा उभा होतो आणि उचललेला पाय खाली ठेवायची हिंमत होत नव्हती. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. नमस्काराला वाकणं तर शक्यच नव्हतं. मी छातीशी हात जोडले. "अहो, असू दे, नमस्कार कसला," काका म्हणाले, आणि माझी सुटका झाली. दोन जिने मी कठड्याला लटकत चढलो.

आता साध्या माणसानं काय केलं असतं? डॉक्टरकडे गेला असता. पण मी साधा माणूस नव्हतो. पायाळूचीच कंबर धरली, हे सोसायटीत कळलं असतं तर? न्हाव्याचंच डोकं कुणी भादरलं तर दुकानात कोण येईल? मी कोणालाही सांगितलं नाही. शर्टाच्या आतून पट्टा बांधू लागलो. ऑफिसात उठताना खोकला काढून 'आई गं' लपवू लागलो. बायकोला सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो.

"कधी?"

"परवा."

"परवा बाथरूम मी धुतलंच नव्हतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची पिशवी न सांगता उशाशी आली.

मग मी तो मूर्खपणा केला जो फक्त पायाळूच करू शकतो. दुसरा पायाळू शोधला. कल्याणला खाडीकडच्या कोळीवाड्यात एक म्हातारी पायाळू आहे, हे मला ठाऊक होतं. आपल्या धंद्यातलं दुसरं दुकान सगळ्यांना ठाऊक असतं. ओळख पटू नये म्हणून मी तोंडाला मास्क लावून गेलो. म्हातारी अंगणात सुकट पसरत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला पालथं व्हायला सांगितलं.

"जोरान मारू का हलू?"

हळू म्हणायला काय झालं होतं? पण मनात आलं, ही वयानं ऐंशीची, मारून मारून किती मारणार. शिवाय हळू म्हणणारे रुग्ण मला स्वतःला कधी आवडले नाहीत. "जोरात," मी म्हणालो. तिनं आयुष्यभर टोपल्या वाहिल्या होत्या हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पहिल्याच लाथेला मला खरोखरच जमिनीतलं गुप्तधन दिसलं.

गंमत म्हणजे दोन दिवसांत कंबर मोकळी झाली. दुखणं मांडीच्या मागून पोटरीत उतरलं आणि तिथून विजेच्या तारेसारखं पावलाकडे सळसळत जाऊ लागलं. मला मनापासून आनंद झाला. उतरतंय, म्हणजे आता पायातून बाहेर पडणार! शास्त्र शाखेचा पदवीधर मी, बसल्या जागी रोज अंदाज घ्यायचो की आता घोट्यापर्यंत आलं, आता अंगठ्यापर्यंत. बाहेर पडायला तिथून वाट नव्हती, हे सोडून सगळं बरोबर होतं.

मग चप्पल निघू लागली. उजव्या पायातली. आधी जिन्यावर, मग घरात. एका संध्याकाळी फडके रोडवर आम्ही भाजी घेऊन येत होतो. बायको मागे होती. "अहो," तिनं हाक मारली. वळून बघतो तर तिच्या एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात माझी चप्पल. चप्पल मागे राहिली होती आणि मी तसाच अनवाणी पुढे आलो होतो. मला कळलंही नव्हतं.

"तुमच्या पावलाचा आवाज बदललाय," ती म्हणाली. "पंधरा दिवस ऐकतेय. उजवं पाऊल फटकन आपटतं. उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि बाथरूमची गोष्ट तिथे सांगू नका."

ठाण्याला वर्तकनगरच्या बाजूला मणक्याच्या एक डॉक्टर बसतात. माझ्या पुतणीच्या वयाच्या असतील. त्यांनी मला टाचांवर चालायला सांगितलं. डावी टाच चालली, उजव्या पायाची बोटं जमिनीला चिकटून राहिली. मग टेबलावर झोपवून म्हणाल्या, "दोन्ही अंगठे वर करा, तुमच्या तोंडाकडे." डावा उठला. उजव्याला मी हुकूम दिला. परत दिला. मनातल्या मनात ओरडलो. अंगठा असा पडून राहिला, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

ज्या पायानं चाळीतल्या, सोसायटीतल्या, कारखान्यातल्या माणसांच्या कमरा सोडवल्या, तो पाय.

एमआरआयचे फोटो प्रकाशासमोर लावून डॉक्टरांनी दाखवलं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. माझी एक गादी फाटून तिच्यातला तुकडा मागे निसटला होता आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. "गादी सरकली म्हणून सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेकांचं गोळ्या, व्यायाम, थोडा काळ यांवर भागतं. फारच दुखलं तर नसेजवळ इंजेक्शन देतो. तुमचं नुसतं दुखत असतं तर मीही थांबले असते. पण तुमच्या पावलातली ताकद चाललीये. नस जितकी जास्त दिवस दबलेली राहील, तितकी ताकद परत येण्याची खात्री कमी."

"नाही आली तर?"

"पाऊल असंच लोंबतं राहील."

मी टेबलाखाली चप्पल शोधू लागलो. बायकोनं ती संधी साधली आणि सगळं सांगून टाकलं. पायाळू, लाथा, खालचे काका, सगळं. कोळीवाडा मी तिला सांगितला नव्हता, तोही तिला ठाऊक होता. डॉक्टर हसल्या नाहीत. खाली मान घालून काहीतरी लिहीत राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"वीज पडलीये का कधी तुमच्यावर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला नाही वाटत तुमचं नशीब एवढं वाईट आहे."

ऑपरेशन दुर्बिणीतून होणार होतं. पाठीवर बोटाच्या पेरापेक्षा लहान छेद, त्यातून एक नळी, नळीत कॅमेरा आणि चिमटा. स्नायू कापायचे नाहीत, हाड फोडायचं नाही. पूर्ण भूलही नाही, फक्त तेवढी जागा बधिर करून मी जागाच राहायचं, म्हणजे नसेला धक्का लागला तर मीच ओरडून सांगेन. म्हणजे धोक्याची घंटा म्हणून माझी नेमणूक झाली होती.

मणक्याचं ऑपरेशन म्हटल्यावर डोंबिवलीत प्रत्येकाला अंथरुणाला खिळलेला एक तरी मावसभाऊ असतो. ते सगळे मावसभाऊ त्या आठवड्यात आमच्या घरी येऊन गेले, म्हणजे त्यांच्या गोष्टी आल्या. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. बायकोला म्हणालो, "इंजेक्शननं बघू ना आधी." ती म्हणाली, "इंजेक्शननं दुखणं थांबेल. मग तुम्ही पायाकडे बघणारच नाही." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी इतकी अचूक तपासणी कुणी केलेली नव्हती.

आईला काय सांगायचं, हा प्रश्न होता. आईचं वय झालेलं, ती आमच्याकडेच असते. मी म्हटलं, डोळे तपासायला ठाण्याला जातोय, रात्री तिकडेच राहू.

"डोळे तपासायला उपाशी पोटी जातात?" ती म्हणाली. मग माझ्या उजव्या पायाकडे बघून म्हणाली, "मोजा घाल. गार असतं तिथे."

ऑपरेशनच्या टेबलावर मला पालथं झोपवलं. जन्मभर लोकांना पालथं केलं, आता माझी पाळी आली. दाराकडे तोंड आहे का, हे मी मान वळवून पाहिलं. नव्हतं. इंजेक्शनची सुई टोचली, मग बराच वेळ पाठीत कुणीतरी दाबतंय, ढकलतंय, पाणी वाहतंय, असं वाटत राहिलं. भीती वाटली की मला बडबड सुटते. मी नळीची जाडी विचारली. डॉक्टरांनी मिलिमीटरमध्ये सांगितली. "टॉलरन्स किती? म्हणजे फरक किती खपेल?" मी विचारलं.

"तुम्ही हलला नाहीत तर भरपूर आहे," त्या म्हणाल्या.

मग एक कळ थेट अंगठ्यात गेली आणि मी ओरडलो.

"कुठे गेली?"

"अंगठ्यात!"

"छान. तिथेच आहे तो."

दुसऱ्याच्या कळेला छान म्हणायचं असतं, हे मला नवीन नव्हतं. मीही म्हणायचो. नंतर थोडी ओढाताण झाली, आणि अचानक पायातलं दुखणं थांबलं. शेजारचा मिक्सर बंद झाल्यावर तो इतका वेळ चालू होता हे कळतं, तसं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा पाय शांत होता. मला रडू आलं, पण पालथा असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

"आता अंगठा वर करा," डॉक्टर म्हणाल्या.

मी केला. जीव लावून केला. "झाला ना?" मी विचारलं.

त्यांनी आधी चिमटा बाजूला ठेवला. "दुखणं गेलं ना? ते महत्त्वाचं," मग त्या म्हणाल्या. "ताकद सावकाश येते."

बाटलीत घालून तो तुकडा मला दाखवला. सोललेल्या खेकड्याच्या मांसासारखा पांढरट, चिमूटभर. एवढ्याशा ऐवजानं माझी अब्रू घालवली होती. आम्ही कोकणातले, पण तेव्हापासून मला खेकडा जात नाही. संध्याकाळी मी चालत बाथरूमला गेलो, दुसऱ्या दिवशी घरी आलो. पाठीवर एक छोटीशी पट्टी. तिच्याखाली दोनच टाके होते असं सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. लोकांना निदान वीतभर जखम बघायची होती.

सोसायटीत मात्र सगळं फुटलं होतं, आणि माझी भीती साफ खोटी ठरली. माझी अब्रू गेली नव्हती, उलट वाढली होती. खालचे काका नारळ घेऊन आले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "माझी उसण तुमच्यात गेली हो." पाठोपाठ इतरही आले. एवढ्या वर्षांत सगळ्यांच्या उसणी मी स्वतःच्या अंगावर घेतल्या, त्या साठून साठून शेवटी पाठीत फुटल्या, असा निकाल सोसायटीनं लावला. एमआरआय, गादी, नस, कशाचाही उपयोग झाला नाही. आपली कोणती उसण कोणत्या साली माझ्यात गेली, यावर दोघी बायकांचं आमच्याच हॉलमध्ये भांडण झालं. मी देवमाणूस ठरलो. खोटं कशाला बोलू, मी नको म्हटलं नाही.

पण लोक गेले की मी पायाकडे बघायचो. पाऊल लोंबू नये म्हणून बुटात एक प्लॅस्टिकची पट्टी दिली होती. व्यायाम शिकवणारी मुलगी एक दिवसाआड यायची. "अंगठा वर, वर, मनापासून वर," म्हणायची. मनापासून तर मी आयुष्यात इतकं काहीच केलं नव्हतं. अंगठा ढिम्म. दुखणं नव्हतं, झोप लागत होती, सगळे म्हणत होते सुटलात. मी मात्र रोज सकाळी जाग आली की आधी पांघरुणात अंगठा हलवून बघायचो आणि मग दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. उशीर केला होता तो मीच, शैलीपायी आणि मास्कपायी. आता पाऊल असंच राहणार, असं मी मनात धरून बसलो होतो.

असाच एका दुपारी खुर्चीत बसलो होतो. बायको बाहेर गेली होती. आई आतून आली, दिवाणाजवळ थांबली, कमरेची पट्टी सोडली, तिची घडी करून उशाशी ठेवली आणि मला म्हणाली, "खुर्ची इकडे ओढ."

"कशाला?"

ती सावकाश, कण्हत, दिवाणावर पालथी झाली. आईला पालथं झोपलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

"लाव पाय," ती म्हणाली.

"आई, काय बोलतेस!"

"कंबर दुखते माझी. सगळ्यांना लावलास, मला लाव."

"कधीपासून?"

"तू झालास तेव्हापासून." उशीत तोंड असल्यामुळे तिचा आवाज दबका येत होता. "पायांकडून आलास मेल्या. काय काय सरकवून आलास. तेव्हा कुठे होते तुझे फोटो आणि नळ्या? बांधली पट्टी आणि लागले कामाला."

एवढी माणसं आमच्या चटईवर पालथी झाली, आणि ती दर वेळी पट्टीवर हात ठेवून शेजारी उभी होती. "मग कधी सांगितलं का नाहीस?"

"मुलानं आईला पाय लावायचा नसतो. तुला पाप लागलं असतं."

"मग आता लागणार नाही का?"

"पोटात होतास तेव्हा इतक्या लाथा मारल्यास, तेव्हा विचारलं होतंस?" ती म्हणाली. "लाव मुकाट्यानं. आणि टाच टेकवून बसू नकोस. अंगठा लागला पाहिजे. अंगठ्याचाच गुण आहे."

अंगठ्याचाच गुण असतो असं ती आजवर कधी बोलली नव्हती. हा नियम तिनं त्याच दुपारी केला, हे मला समजत होतं. मी खुर्ची दिवाणाला टेकवली, मोजा काढला आणि पाय उचलून तिच्या कमरेवर ठेवला. किती अरुंद झाली होती तिची कंबर. वर्षानुवर्षं पट्टी आवळून कातडीवर पट्टीचा वळ उमटलेला होता. माझं जड, बेअकली पाऊल त्यावर पडून राहिलं.

"अंगठा," ती म्हणाली.

मी प्रयत्न केला.

"दाबून उचल. परत दाब. तुला काही घाई आहे का? मलाही नाही."

मी करत राहिलो. पावलाला वरच्या बाजूनं बधिरपणा होता, मला काही कळत नव्हतं. ती मात्र डोळे मिटून, एखादी बाई भाताचं शीत दाबून बघते तशी, लक्ष देऊन पडली होती. अचानक म्हणाली, "हलला."

"उगाच काहीतरी."

"मला शिकवू नकोस. तुझा पाय पोटात पहिल्यांदा हलला तेव्हाही मलाच आधी कळलं होतं."

मी खाली बघितलं. परत उचलायला सांगितलं त्याला. नखाच्या जाडीएवढा, नाही, तेवढाही नाही, पण अंगठा वर आला आणि परत खाली टेकला. मापं तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. फरक होता.

मी हुंदके देऊन रडलो, पन्नाशी ओलांडलेला माणूस, आईच्या पाठीवर पाय ठेवून. ती तशीच पडून म्हणाली, "अजून दोनदा बाकी आहे."

तीनदा झाल्यावर ती उठून बसली, मागे न बघता, नियमाप्रमाणे. आता माझा नमस्कार. मी खुर्चीतून उठलो आणि आठवलं, डॉक्टरांनी वाकायला सक्त बंदी केली होती. मी नुसता उभा राहिलो.

"राहू दे," आई म्हणाली. "वाकू नकोस. नंतर कर."

पुढे रोज दुपारी तिची कंबर दुखू लागली. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला प्रगतीचं आश्चर्य वाटायचं. तिला आम्ही काही सांगितलं नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्या अंगठ्यावर बोट ठेवून दाबलं आणि मी त्यांचं बोट वर ढकललं. पुरती ताकद आलेली नाही, ती यायला अजून वेळ लागेल, पण बुटातली पट्टी काढा, त्या म्हणाल्या. बेतानं वाकायलाही हरकत नाही. दुसऱ्यांना लाथा मात्र बंद. बायकोनं ते कागदावर लिहून मागितलं.

घरी आल्यावर आई दाराशीच उभी होती. मी चप्पल काढली, उजवी मुद्दाम आधी, आणि वाकलो. इतक्या दिवसांनी वाकताना पाठ जरा कुरकुरली, पण गेलो खालपर्यंत. तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आता कशी आहे कंबर?" तिनं विचारलं.

"माझी बरी आहे," मी तसाच वाकलेला म्हणालो. "तुझी?"

"गेली की उसण," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच गेली. तुझ्या पायाला गुण आहे."

उठताना मी वर बघितलं. तिचा हात पट्टीवर होता.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली, आईसाठी. तिला सांगितलं, डोळे तपासायला जायचंय.

"मोजे घालू का?" तिनं विचारलं.

"घाल," मी म्हणालो. "गार असतं तिथे."